वसईहून माशेलला: एका ख्रिस्ती कुटुंबाने पाहिलेली गोव्यातील दिवाळी

२०२४ साली दिवाळी आणि आमच्या चर्चच्या दिनदर्शिकेतले दोन मोठे दिवस अगदी एकमेकांवर आले. शुक्रवार, १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते आणि त्याच दिवशी सर्व संतांचा सण होता. शनिवार, २ नोव्हेंबरला पाडवा होता आणि त्याच दिवशी मृतांचा स्मरणदिन, ज्या दिवशी जगभरचे कॅथलिक आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. माझा एक जुना सहकारी निवृत्तीनंतर गोव्यात माशेलला आपल्या मूळ घरी राहायला गेला आहे. ‘एकदा तरी दिवाळीला या’ हा त्याचा आग्रह कित्येक वर्षांचा होता. दिवसांचा हा योग पाहिल्यावर पत्नी म्हणाली की आता जायलाच हवे, आणि आम्ही निघालो.

निघण्यापूर्वी वसईत अनेकांनी विचारले, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आम्ही श्रद्धेने कॅथलिक आहोत आणि कोणाच्या घरी पाहुणे गेलो म्हणून आमची उपासना बदलत नाही. परंतु शेजाऱ्याच्या दारात दिवा का लागतो आणि तो कोणासाठी लागतो, हे आदराने समजून घेणे हा माझ्या श्रद्धेचाच भाग आहे असे मी मानतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात या धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे स्वच्छ म्हटले आहे. व्हॅटिकनकडून हिंदू बांधवांना दरवर्षी दिवाळीच्या शुभेच्छाही जातात. ‘सगळे धर्म शेवटी एकच’ असे म्हणून मोकळे होणे मात्र मला पटत नाही. त्यात त्यांच्या सणाचाही मान राहत नाही आणि माझ्या श्रद्धेचाही राहत नाही.

मंगळवार, २९ ऑक्टोबर: धनत्रयोदशी

कोकण रेल्वेने करमळीला उतरलो तेव्हा दुपार कलली होती आणि हवेत इतका दमटपणा होता की सामान उचलून फलाटाच्या टोकाला जाईपर्यंत अंगावरचे कपडे ओले झाले. तेथून माशेल जवळच आहे. घरी मित्राच्या आईने, जिला सारा वाडा, म्हणजे आजूबाजूची वस्ती, ‘माई’ म्हणते, ‘येयात, बसात’ म्हणून स्वागत केले आणि हातपाय धुऊन होण्याआधीच कोकमाचे सरबत पुढे आले.

संध्याकाळी माई स्वयंपाकघरात पाटावर बसून कणकेचा दिवा करत होत्या. घट्ट मळलेल्या पिठाचा गोळा, त्याच्या मधोमध अंगठ्याने दाबून केलेली खळगी, कडेला वात टेकावी म्हणून काढलेली लहानशी चोच, आणि मग तेल. त्यांच्या बोटांना ते काम इतके सवयीचे होते की त्यांचे लक्ष बोलण्याकडे असतानाही दिवा आपोआप आकार घेत होता. तो दिवा त्यांनी घराबाहेर पायरीच्या कडेला, ज्योत दक्षिणेकडे करून ठेवला. एरवी दिव्याचे तोंड दक्षिणेला करत नाहीत, आज मात्र करतात, कारण ती यमाची दिशा आहे आणि घरातल्या कोणाला अकाली मरण येऊ नये म्हणून हा दिवा असतो, असे मित्राने सांगितले.

मी त्या पायरीजवळ बराच वेळ उभा होतो. सर्व संतांच्या जुन्या लितानीमध्ये, म्हणजे विनवण्यांच्या प्रार्थनेत, आम्हीही म्हणतो की अकस्मात आणि तयारीविना येणाऱ्या मरणापासून, हे प्रभो, आम्हांला सोडव. माई जिला हाक घालत होत्या ती देवता माझी नव्हे, परंतु त्यांच्या मनातली काळजी मला पूर्ण ओळखीची होती. महामारीच्या वर्षात आमच्या गावातून ज्या अंत्ययात्रा निघाल्या, त्यांतली प्रत्येक मला तेथे आठवली.

प्रवास करणाऱ्यांसाठी थोडे उपयोगाचे सांगतो. दिवाळीच्या आठवड्यात किनाऱ्यालगतची हॉटेले भरलेली असतात; फोंडा तालुक्यात किंवा माशेलच्या बाजूला घरगुती मुक्काम मिळतो आणि खरी दिवाळीही याच भागात पाहायला मिळते. ऑक्टोबर संपताना संध्याकाळी एखादी जोराची सर येऊ शकते, तेव्हा छत्री घरी ठेवू नये.

बुधवार, ३० ऑक्टोबर: नरकासुराची रात्र

गोव्यातील दिवाळीची ओळख म्हणजे नरकासुर. प्राग्ज्योतिषपूरच्या या राजाने सोळा हजारांहून अधिक स्त्रिया बंदीत ठेवल्या होत्या, कृष्णाने सत्यभामेसह जाऊन त्याला मारले आणि त्या स्त्रियांना सोडवले, ही कथा महाराष्ट्रातही घरोघरी माहीत आहे. गोव्यात नरकासुराचे प्रचंड पुतळे होतात. बांबूचा किंवा लोखंडाचा सांगाडा, त्यावर भाताचा पेंढा, वर कागद आणि रंग, आणि सर्वांत वर बटबटीत डोळ्यांचा, बाहेर आलेल्या सुळ्यांचा मुखवटा.

माशेलच्या वाड्यावर दहा-बारा वर्षांची मुले सकाळपासून पेंढ्यात बुडालेली होती. त्यांच्यात एक ख्रिस्ती मुलगाही होता. दर नाताळात घरच्या ताऱ्याच्या दिव्यांची जोडणी तोच करतो, त्यामुळे नरकासुराच्या डोळ्यांत लाल दिवे बसवण्याचे काम सर्वांनी बिनविरोध त्याच्याकडे सोपवले होते. डोळे पेटले तेव्हा सगळ्या मुलांनी केलेला जल्लोष मला अजून ऐकू येतो.

रात्री आम्ही पणजीला गेलो. तेथील पुतळे दुमजली घराइतके उंच होते, काही यंत्रावर हात हलवत होते, आणि ध्वनिक्षेपकांचा आवाज छातीत बसत होता. नरकासुराला एवढी भव्यता आणि कृष्ण मात्र कोपऱ्यात, ही तक्रार गोव्यातील हिंदू मंडळीच दरवर्षी करतात, आणि सकाळी रस्त्यावर पडून राहणाऱ्या लोखंडी सांगाड्यांबद्दलही बोलतात. ती तक्रार मला रास्त वाटली. कारुण्य आणि सुटका यांची ही कथा आहे. आवाजाच्या भिंतीआड ती ऐकू येत नाही. आम्ही मध्यरात्रीनंतर गावी परतलो आणि ते बरे झाले.

पणजी, मडगाव किंवा म्हापसा येथे नरकासुर पाहायचे असतील तर गाडी गावाबाहेर ठेवून चालत जावे, लहान मुलांच्या कानांत कापूस घालावा आणि परतीच्या वाहनाची सोय आधीच करून ठेवावी. मात्र दहन पाहायचे ते एखाद्या खेड्यातच.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर: नरक चतुर्दशी

पहाटे अंधारातच वाडा जागा झाला. एक पाच वर्षांचा कृष्ण वडिलांच्या खांद्यावर डुलक्या घेत आला. त्याच्या मुकुटातले मोरपीस वाकडे झाले होते आणि पुठ्ठ्याचे सुदर्शन चक्र त्याने घट्ट धरले होते. त्याला खाली उतरवून चक्र फेकायला सांगितले, ते पुतळ्याच्या गुडघ्याला लागून पडले, आणि कोणीतरी पेंढ्याला काडी लावली. रात्रभर खपून केलेला राक्षस पाहता पाहता पेटला. मुले गप्प होऊन पाहत होती. डोळे बसवणारा मुलगा शेवटपर्यंत मुखवट्याकडे पाहत उभा होता.

त्या आगीसमोर माझे मन राक्षसापेक्षा त्या बंदिवान स्त्रियांकडे गेले. ज्यांना त्यांच्या घरांनी परत घेतले नसते, त्यांना कृष्णाने आपले नाव दिले आणि मान दिला, असे ही कथा सांगते. नाझरेथच्या सभास्थानात येशूने यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडला आणि बंदिवानांच्या सुटकेची घोषणा वाचली, तो प्रसंग लूकच्या शुभवर्तमानात आहे. दोन कथा वेगळ्या आहेत, त्यांचे नायक वेगळे आहेत, आणि मी त्यांची सरमिसळ करणार नाही. तरी सुटकेच्या दिवशी दिवे लावावेत असे ज्या समाजाला वाटते, त्या समाजाशी माझे नाते आहे हे मला तेथे उभ्या उभ्या जाणवले.

घरी अभ्यंगस्नान झाले होते. माईंनी तुळशीवृंदावनासमोर कारीट, म्हणजे अंड्याएवढी हिरवी कडू फळे, मांडून ठेवली होती. घरातले एकेक जण पुढे येऊन ‘गोविंदा’ म्हणत डाव्या पायाने कारीट फोडत होता आणि त्याचा रस बोटाने जिभेला लावत होता. आम्ही कडेला उभे राहून पाहत होतो. पत्नीने सहज विचारले, चव कशी असते? मित्राच्या बहिणीने एका फुटलेल्या कारिटाचा थेंब तिच्या बोटावर दिला आणि दुसरा माझ्या. तो कडूपणा जिभेच्या मुळापर्यंत गेला आणि पाणी पिऊनही बराच वेळ हटला नाही. इस्राएल लोकांनी मिसरातून सुटण्याच्या रात्री कोकराच्या मांसाबरोबर कडू भाजी खावी अशी आज्ञा बायबलमधील निर्गमाच्या पुस्तकात आहे. गुलामीची चव विसरू नये म्हणून यहुदी कुटुंबे आजही वल्हांडणाच्या जेवणात ती खातात. सणाचा पहिला घास गोड नसावा, हे शहाणपण मला माशेलच्या अंगणात नव्याने भेटले.

आणि मग फोव. गोव्यात दिवाळीचा फराळ म्हणजे नव्या भाताचे पोहे, आणि त्यांचे किती प्रकार! दुधात गूळ घालून केलेले, ताकातले, नारळाच्या गोड रसातले, गूळखोबऱ्याचे, बटाटे घातलेले, तिखट फोडणीचे. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ आणि केळी. मला सर्वांत आवडले ते नारळाच्या रसातले, वेलदोड्याच्या वासाचे. नव्या पिकाचा मान गोव्यातील ख्रिस्ती माणसालाही कळतो; ऑगस्टमध्ये कणसांच्या फेस्ताला पाद्री शेतातील पहिल्या लोंब्यांना आशीर्वाद देतात.

जेवायला बसताना माईंनी जे केले ते मला फार मोलाचे वाटते. आम्ही काहीही विचारले नव्हते. त्यांनी देवघराकडे हात करून सांगितले की नैवेद्याची वाटी तेथे वेगळी ठेवली आहे, तुमची ताटे घरच्या जेवणातली आहेत, तुम्ही निर्धास्त जेवा. देवापुढे ठेवलेले अन्न खावे की खाऊ नये, हा प्रश्न पहिल्या शतकात करिंथच्या ख्रिस्ती मंडळीलाही पडला होता. येशूचा प्रेषित पौल याने त्यांना लिहिले की कोणी जेवायला बोलावले तर पुढे वाढलेले खा, उगाच चौकशी करत बसू नका; मात्र दुसऱ्याच्या विवेकबुद्धीला जपा. येथे एक हिंदू आई आमच्या विवेकबुद्धीला जपत होती.

दुपारी देवकीकृष्णाच्या मंदिरात गेलो. कृष्णाबरोबर त्याच्या आईची पूजा होते असे हे देऊळ भारतात विरळाच आहे. आई आणि बाळ एकत्र पाहून ज्या ख्रिस्ती माणसाला मारिया आणि बाळ येशू आठवणार नाहीत, असा कोणी असेल असे वाटत नाही. मी सभामंडपात बसून माझी रोजची प्रार्थना मनातल्या मनात म्हटली. कोणी काही विचारले नाही.

नरक चतुर्दशीला सकाळी बरीच दुकाने आणि खानावळी बंद असतात. फोवांचे सगळे प्रकार हॉटेलात मिळत नाहीत, ते घरीच मिळतात. कोणी बोलावले तर जावे आणि जाताना हात रिकामे नेऊ नयेत. आम्ही वसईची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, नेली होती, त्यांचे माईंना फार कौतुक वाटले.

शुक्रवार, १ नोव्हेंबर: सर्व संतांचा सण आणि लक्ष्मीपूजन

सकाळी जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या बासिलिकेत कोकणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकली. २१ नोव्हेंबरपासून संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन सुरू व्हायचे होते, त्यामुळे सगळीकडे मंडप आणि बांबू पडलेले होते. झेवियर यांना गोव्यात ‘गोंयचो सायब’, म्हणजे गोव्याचे साहेब, म्हणतात आणि त्यांच्याकडे हिंदूही मोठ्या संख्येने येतात.

तेथून मंगेशीला गेलो, आणि तेथे मला काही काळ बोलणे सुचले नाही. मंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी. पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा १५६० मध्ये भक्तांनी तो देव नदीपलीकडे प्रियोळला आणला, कारण फोंड्याचा भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. हे माझ्या धर्माच्या नावाने झाले. जो ख्रिस्ती माणूस आज दिवाळीचे कौतुक करतो, त्याने हे माहीत असूनच करावे; एरवी ते कौतुक वरवरचे राहील. मंदिरासमोरचा सातमजली पांढरा दीपस्तंभ मात्र दुसरीही एक गोष्ट सांगतो. त्याच्या कमानी, मंदिराचे घुमट आणि खिडक्या पाहताना ज्या कारागिरांच्या हाताखालून गोव्यातील चर्चे गेली त्यांचीच नजर येथेही दिसते. याच गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओवीत रचले आणि १६१६ मध्ये ते छापले गेले. पाडणारे हात आणि ओवी लिहिणारे हात एकाच काळातले होते, हे ओझे आणि हा वारसा दोन्ही आमच्याकडे आहेत.

लक्ष्मीपूजन मित्राच्या पुतण्याच्या दुकानात झाले. पूजा चालू असताना आम्ही मागे बसलो, नंतर पेढे घेतले. मंदिरात जाताना अंगभर कपडे असावेत आणि गाभाऱ्याचे फोटो काढू नयेत, एवढे पाळले की कोठेही अडचण येत नाही.

शनिवार, २ नोव्हेंबर: पाडवा आणि मृतांचा स्मरणदिन

सकाळी गोठ्यातील गुरांना आंघोळ घालून, शिंगे रंगवून, गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या. ते पाहून मी मृतांच्या मिस्सेसाठी चोडणला निघालो, तेव्हा मित्र म्हणाला, ‘मीही येतो.’ सणाच्या दिवशी दफनभूमीत कशाला येता, असे मी म्हटले. त्यावर त्याने नुसती चप्पल पायांत घातली.

रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जाता येते, तेव्हा पायी जाणाऱ्यांना पैसे पडत नव्हते. मांडवीवर वारा छान होता. बोटीत मित्राने सांगितले की देवकीकृष्ण मूळचा या चोडणचा. सोळाव्या शतकात तो येथून हलवला गेला, आधी मयेला आणि नंतर माशेलला आला. मित्राचे घराणेही चोडणचेच. जे देवाबरोबर गेले त्यांच्यात त्याचे पूर्वज होते. जे राहिले ते ख्रिस्ती झाले.

मिस्सेनंतर सगळे सिमित्रीत गेले. पाद्रींनी कबरींवर पवित्र पाणी शिंपडले आणि लोक मेणबत्त्या लावू लागले. वाऱ्याने त्या विझत होत्या. एका म्हाताऱ्या बाईंनी युक्ती म्हणून रिकाम्या डब्यांत मेणबत्त्या उभ्या केल्या होत्या आणि शेजारच्या कबरीसाठीही त्या एक डबा देत होत्या. आमचे तेथे कोणी पुरलेले नव्हते. आईवडिलांच्या कबरींवर वसईत भावाने त्याच वेळी दिवे लावले असतील, म्हणून आम्ही मधल्या मोठ्या क्रुसापाशी मेणबत्ती लावली. त्याच वर्षी २५ जुलैला आमच्या वसईने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना निरोप दिला होता. मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेल्या या धर्मगुरूंसाठीही एक लावली.

मित्र काही वेळ कबरींवरची नावे वाचत फिरला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘यांतले काही माझेच असतील.’ त्याने माझ्याकडून एक मेणबत्ती मागून घेतली, एका जुन्या, अक्षरे पुसलेल्या दगडापाशी ती लावली आणि ती टिकावी म्हणून दोन्ही हातांचा आडोसा करून बसून राहिला. परतताना बोटीत तो म्हणाला की कार्तिकात आकाशदिवा उंच टांगतात तो पितरांना वाट दिसावी म्हणूनही असतो, असे त्याचे आजोबा सांगत. पण चोडणला मागे राहिलेल्यांचे काय, हा विचार त्याच्या मनात आजवर आला नव्हता.

मृतांविषयी आमची शिकवण आणि त्यांची समजूत यांत अंतर आहे. आम्ही पुनरुत्थानाची वाट पाहतो. तरी गेलेल्यांशी आपले देणेघेणे संपत नाही आणि त्यांच्यासाठी प्रकाश लावायचा असतो, एवढे आम्ही दोघे त्या दिवशी एकमेकांकडून पुन्हा शिकलो. या प्रवासातून माझ्याजवळ सर्वांत अधिक काय राहिले असेल, तर ती चोडणची सकाळ.

रविवार, ३ नोव्हेंबर: भाऊबीज

सकाळची मिस्सा आटोपून आलो, तोवर ताम्हनात निरांजन तयार होते. मित्राच्या बहिणीने आधी मला विचारले, ‘भाऊ, तुम्हाला ओवाळले तर चालेल ना?’ बहिणीने भावाच्या आयुष्यासाठी दिवा फिरवणे यात माझ्या श्रद्धेला नाकारण्यासारखे काही दिसले नाही. मी पाटावर बसलो, तिने ओवाळले, मी ताम्हनात ओवाळणी घातली आणि तिच्यासाठी मनात प्रभूकडे आशीर्वाद मागितला. टिळा मात्र तिने लावला नाही. तो तिने स्वतःच टाळला.

ज्यांना दिवाळीत जमत नसेल त्यांनी तुळशीच्या लग्नाला गोव्यात जावे. तिला तेथे ‘व्हडली दिवाळी’ म्हणतात. त्यानंतर त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापूर येथे वाळवंटी नदीत सजवलेल्या नावा सोडतात, तो सोहळाही पाहण्यासारखा असतो.

निघताना माईंनी फोवांची पिशवी बांधून दिली. नाताळात त्या सर्वांना घेऊन वसईला येणार आहेत. २४ तारखेच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला बसायचे कोठे आणि उभे कधी राहायचे, हे त्यांनी आतापासून विचारून ठेवले आहे. त्यांच्यासाठी त्या दिवशी घरात शाकाहारी स्वयंपाकाची वेगळी भांडी काढायची, हे पत्नीने परतीच्या गाडीतच ठरवून टाकले.